सासूबाईंचा हंडा

“आजी, तुमच्या सासूबाईंचंही ताट वाढू का?”

नवरीकडच्या एका बाईनं विचारलं आणि टेबलाभोवतीच्या बायका हसल्या. ठाण्यात खोपटला एका हॉलमध्ये साखरपुडा होता. जिला विचारलं ती नवऱ्या मुलाची आजी, दिवा स्टेशनजवळच्या चाळीतली माझी जुनी शेजारीण. ती स्वतःच ऐंशीला टेकली आहे. तिची सासू जाऊन कितीतरी वर्षं झाली.

हसणाऱ्या बायका वाईट नव्हत्या. एकीनं तर लाडानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, आजी, तुमचा व्हिडिओ आमच्या ग्रुपवर सगळ्यांनी बघितला, आम्ही तो खेळसुद्धा बुक केलाय. शेजारणीला काही कळेना. तिच्याकडे साधा बटणांचा फोन आहे. तिचा व्हिडिओ कुणी काढला आणि कसला खेळ, म्हणून ती एकेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. मग शेजारच्या मुलीनं मोबाइल तिच्यापुढे धरला आणि त्यातून माझा आवाज आला. मी सांगत होते की आमच्या चाळीत एक बाई होती, ती मेलेल्या सासूच्या नावानं पाण्याच्या रांगेत हंडा लावायची.

तिनं शेवटपर्यंत बघितलं. मधे एकदा तर आवाज वाढव म्हणाली. मग मोबाइल परत दिला आणि वाढणाऱ्या बाईला म्हणाली, “वाढा की. जागा आहे.”

बायका परत हसल्या. तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं. सासू मेल्यावरही तिचा हंडा रांगेत लागत होता ही गोष्ट तिच्या घराबाहेर चाळीत एकट्या मलाच माहीत होती. त्यामुळे विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी पुरीचा तुकडा तोडला, श्रीखंडात बुडवला आणि खाल्ला. 

मी चौथीपर्यंत शिकले. लिहायची सवय नाही. नात म्हणाली, आजी, तू बोल, मी टाइप करते. मी नको म्हटलं. बोलूनच घोटाळा झाला होता.

दिव्याला आम्ही राहायला गेलो तेव्हा भाडं परवडायचं म्हणून गेलो. बैठी चाळ, समोरासमोर खोल्या, मधे गटार आणि टोकाला एकच नळ. नळ दुपारी यायचा. किती वाजता यायचा याला नेम नव्हता, कधी जायचा यालाही नव्हता. कुणीतरी “नळ आला” म्हणून ओरडलं की हातातलं टाकून धावायचं. दिवसभर उभं राहणं कुणाला शक्य नव्हतं, म्हणून रांगेत बाई उभी राहत नसे, हंडा उभा राहायचा. सकाळी झाडलोट झाली की रिकामा हंडा नेऊन ठेवायचा आणि घरी यायचं. हंडा जिथे असेल तिथे तुमची जागा. दुसऱ्याचा हंडा कुणी हलवायचा नाही. नवऱ्याशी भांडण झालं तर मिटायचं, हंडा हलवला तर मिटत नसे. घरात जितक्या बायका तितके हंडे, असा हिशेब ठरलेला होता. सासू असेल तर सासूचा वेगळा.

चाळीत एकमेकींना नावानं कुणी हाक मारत नसे. कुणी पोराची आई, कुणी गावावरून ओळखायची, कुणी खोलीच्या जागेवरून. माझं खरं नाव तिथल्या अर्ध्या बायकांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं. माझ्या शेजारणीलाही सगळे एकाच हाकेनं बोलवायचे. ती हाक मी इथे लिहीत नाही. एकदा जगाला सांगून झाली आहे.

तिचा नवरा डोंबिवलीला रंगाच्या कारखान्यात कामाला होता. शिडीवरून पडला आणि कमरेखालचं सगळं गेलं. धडधाकट माणूस, खाटेवर आला. त्याला कपड्यांत व्हायचं. दिवसातून किती वेळा चादर बदलावी लागायची ते तिलाच माहीत. पण चाळीत तिनं एवढंच सांगितलं होतं की कंबर दुखावली आहे, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलंय. दार ओढून घ्यायची. धूप लावायची. चादरी घराच्या आतच, मोरीवर दोरी बांधून वाळवायची. ते घाणीत पडतात असं एका माणसानं जरी म्हटलेलं त्यांच्या कानावर गेलं, तर ते जेवण सोडतील, असं ती मला म्हणाली होती. मला कळलं होतं, कारण भिंत एकच होती आणि दुपारी चादर पिळायला दोन माणसं लागायची.

सासू त्यांच्याकडेच असायची. तिचा हंडा रांगेत लागायचा. पुढे सासू गावी गेली, साताऱ्याकडे, आणि हंडा तसाच लागत राहिला. म्हातारी येणार आहे, आज येईल, उद्या येईल. बायका कुरकुरायच्या पण हलवत नव्हत्या. मग एक दिवस गावाहून निरोप आला की म्हातारी गेली. शेजारीण नवऱ्याला माझ्यावर सोपवून गेली आणि उरकून लगेच परत आली. चाळीत सांगितलं की शेताच्या कागदावर अंगठा द्यायला गेलेले. सुतक पाळलं नाही, रडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन हंडे घेऊन नळावर गेली. पुढे किती वर्षं तो हंडा लागत होता.

त्या हंड्यातलं एक कळशीभर पाणी माझ्या घरात यायचं. चादरी पिळल्याबद्दल ती स्वतःहून आणून द्यायची. मी घ्यायची. हे मी व्हिडिओत सांगितलं नाही.

आता नातीचं सांगते. ती माझ्या मुलाची मुलगी. आम्ही डोंबिवलीला एकत्र राहतो. चांगली नोकरी होती तिला, ठाण्याला ऑफिस होतं. दोन वर्षांपूर्वी ती सोडून बोर्ड गेम करायचा म्हणून घरी बसली. पटावर खेळायचा खेळ, सोंगट्या आणि पत्ते असलेला. विषय काय घ्यावा म्हणून डोकं खात होती. मी एकदा जेवताना चाळीतल्या नळाचं काही बोलले, तर तिनं ताट बाजूला केलं आणि कागद घेऊन बसली. खेळाचं नाव ठेवलं ‘नळ आला’. पटावर चाळीची गल्ली, बोटाच्या पेराएवढे लाकडी हंडे, प्रत्येकाचं एक पिंप. ज्याचं पिंप आधी भरेल तो जिंकला. फाशावर ठरायचं की पाणी किती वेळ राहणार. पत्त्यांवर अडचणी: पोर रडलं, पाहुणे आले, दूध उतू गेलं. महिनाभर आम्ही जेवणाच्या टेबलावर जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर खेळलो. माझी सून चिडून चिडून खेळायची. खेळ चांगला होता. ती माझी नात आहे म्हणून हे म्हणत नाही. मला खेळात हरायला आवडत नाही आणि मी त्यात बऱ्याचदा हरले.

छापायला पैसे नव्हते. तिनं सांगितलं की क्राउडफंडिंग करायचं. मला समजावलं ते असं: खेळ अजून तयार नाही, पण लोकांना इंटरनेटवर दाखवायचा. ज्यांना आवडेल त्यांनी आधीच पैसे भरायचे. ठरलेल्या मुदतीत ठरलेली रक्कम जमली तर खेळ छापून त्यांना पाठवायचा. नाही जमली तर सगळ्यांचे पैसे परत आणि आपल्या हातात काही नाही.

मी म्हटलं, वर्गणीच की ही.

ती म्हणाली, “वर्गणी परत मिळते का आजी?”

माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, जेवता जेवता म्हणाला, “लोक पैसे भरून पाण्याची रांग लावणार? आम्ही फुकटात लावलेली.” सगळे हसलो. तीही हसली, पण मग उठून गेली.

पहिल्या दोन दिवसांत मैत्रिणींनी भरले, जुन्या ऑफिसातल्यांनी भरले. इंटरनेटवरच्या त्या पानावर एक पट्टी असते, पैसे जमतील तशी ती हिरवी होत जाते. ती पाव भागापर्यंत गेली आणि थांबली. नात रोज काही ना काही करायची. फोटो टाकायची, खेळणाऱ्या लोकांना पत्र लिहायची, ठाण्याच्या एका कॅफेत पट घेऊन बसायची. पट्टी हलत नव्हती. मुदत मात्र संपत आली. नात जेवायची नाही धड. फोन उचलायची, पान बघायची, ठेवायची. तिचा बाप आता चेष्टाही करत नव्हता, ते जास्त वाईट दिसत होतं. नोकरी सोडून फसली, असं घरात कुणी बोललं नाही, पण ते सगळ्यांच्या मनात होतं आणि तिला ते कळत होतं.

मी ते बघत होते. आणि लोक कशाला हसतात ते मला माहीत आहे. एका दुपारी मीच म्हटलं, “कॅमेरा लाव. एक गोष्ट सांगते.”

तिनं विचारलं होतं. हे तिच्या बाजूनं लिहिलंच पाहिजे. मोबाइल ओट्यावर टेकवताना ती म्हणाली, “आजी, कुणाचं नाव घेऊ नकोस हं.” मी म्हटलं, नाही घेत. आणि नाव घेतलं नाही. चाळीतली हाक घेतली. नातीला काय माहीत की ज्या चाळीत नावंच कुणी वापरली नाहीत, तिथे ती हाक म्हणजेच बाई. मला माहीत होतं. तोंडातून जाताना माहीत होतं. मी थांबले नाही, कारण हाकेशिवाय गोष्टीत मजा येत नव्हती.

मी भाजी निवडता निवडता सांगितलं. म्हातारी आज येईल, उद्या येईल, आणि म्हातारी तिकडे कधीच वर गेलेली. हंडा मात्र रोज वेळेवर हजर. जिवंतपणी सुनेचं एक काम केलं नाही, मेल्यावर रोज रांगेत उभी. हे शेवटचं वाक्य मी आधी मनात जुळवून ठेवलं होतं. नात कॅमेऱ्यामागे तोंड दाबून हसत होती. किती दिवसांनी हसली होती.

व्हिडिओ टाकला आणि दुसऱ्या दिवशी फोन थांबेना. दिव्याच्या जुन्या लोकांचा एक ग्रुप आहे, तिथून तो पसरला. मग कल्याण, ठाणे, पुणे, कुठून कुठून. हिरवी पट्टी भरली, भरून पुढे गेली. लोक लिहायला लागले की सासूबाईंच्या हंड्याचं कार्ड खेळात हवंच. अशा मोहिमेत पद्धत असते की ठरल्यापेक्षा जास्त जमलं तर लोकांना काहीतरी जादा द्यायचं. नातीनं जाहीर केलं की ते कार्ड जादा देऊ. चित्र काढून घेतलं: पदर खोचलेली बाई, दोन काखांत दोन हंडे, आणि वर ती हाक. कार्ड ज्याला मिळेल त्यानं रांगेत एक हंडा जास्त लावायचा. मोहीम संपली त्या दिवशी घरात पेढे आले. तिच्या बापानं तिला जवळ घेतलं. मी तीन पेढे खाल्ले.

शेजारीण आता मुलाकडे बाळकुमला राहते. इमारतीत, सातव्या मजल्यावर. तिला सांगावं असं मला वाटलं नाही असं नाही. वाटलं. पण तिचा फोन साधा, ती कुठे बघणार आहे, असं मी स्वतःला म्हटलं. तिच्या घरच्यांनी बघितलं होतं. त्यांनीही तिला सांगितलं नाही, आजीला वाईट वाटेल म्हणून. साखरपुड्याचं आमंत्रण आलं तेव्हा मला वाटलं, चला, म्हणजे कुणी मनावर घेतलेलं नाही. मी नवी साडी नेसून गेले.

साखरपुड्यानंतर मी लगेच तिच्याकडे गेले नाही. आधी नातीला म्हटलं, ते कार्ड काढ. ती म्हणाली, आजी, लोकांनी त्याच्यासाठी पैसे भरलेत, सांगितलेलं दिलं नाही तर फसवल्यासारखं होईल. आणि का काढायचं? मग मी तिला सांगितलं, ती बाई जिवंत आहे आणि ज्यांच्या साखरपुड्याला मी गेले होते त्या घरची आजी आहे. सासू मेल्याचं फक्त मला माहीत होतं, हेही सांगितलं. चादरींचं सांगितलं नाही.  नात म्हणाली, “मग मला का सांगितलंस?” मी म्हटलं, तू जेवत नव्हतीस. यावर ती रडली आणि मला तिचा रागही आला, कारण खरं तेच होतं आणि त्यात तिचा काही दोष नव्हता.

शेवटी एका सकाळी बाळकुमला गेले. दार तिच्या सुनेनं उघडलं. सून पूर्वी मला बघून खूश व्हायची. या वेळी तिनं बसा म्हटलं, पाण्याचा ग्लास आणला आणि हातात देताना म्हणाली, “घ्या काकू. इथे चोवीस तास येतं, कुणाच्या वाट्याचं नाही.”

मी प्यायले. 

शेजारीण खिडकीपाशी लसूण सोलत बसली होती. मी समोर बसले आणि दोन पाकळ्या उचलल्या. तिनं ताट आपल्याकडे ओढलं. मी म्हटलं, माझं चुकलं. ती म्हणाली, ते माहीत आहे. मग सुनेनंच सांगितलं की नवरीकडची माणसं आता हिला हंडेवाली आजी म्हणतात, प्रेमानं म्हणतात, पण म्हणतात. लग्नाच्या आधी घराची ओळख काय, तर चोरून पाणी भरणारं घर.

मी म्हटलं, मी पुन्हा सांगते सगळ्यांना. तू का लावायचीस ते सांगते. एकदा कळलं की कुणी हसणार नाही.

तिनं सुरी खाली ठेवली. “ह्यांचं सांगायचं नाही.”

“अगं, पण त्याशिवाय—”

“मला हसतायत ना? हसू देत. ह्यांचं एक अक्षर काढायचं नाही. तेव्हा एवढं झाकलं ते आता तुझ्या मोबाइलवर दाखवायला?”

सून दोघींकडे बघत होती. सासरा कसा पडून होता हे तिला माहीत नव्हतं. ती या घरात आली त्याच्या आधीच तो गेला होता. म्हणजे घरातसुद्धा मुलाशिवाय कुणाला माहीत नव्हतं, आणि त्यानंही बायकोला सांगितलं नव्हतं. मी उठले. दारापर्यंत कुणी आलं नाही.

घरी येताना रिक्षात मी ठरवलं की मग दोष आपल्यावर घ्यायचा. याला मोकळं होण्याचा रस्ता समजत होते मी. घरी येऊन नातीला म्हटलं, कॅमेरा लाव, मागच्या वेळी मी उलटं सांगितलं. आणि सांगितलं की तो हंडा दुसऱ्या कुणाचा नव्हता, माझ्याच सासूचा होता, लाज वाटली म्हणून दुसरीवर ढकललं. नात म्हणाली, “आजी, हे खरं आहे?” मी म्हटलं, मी सांगते म्हणजे खरं. आदल्याच आठवड्यात तिला खरं सांगितलेलं असताना. तिनं माझ्याकडे बघितलं, पण व्हिडिओ टाकला. जादा कार्ड सगळ्यात शेवटी छापायचं होतं, तेव्हा कार्डावरची हाकसुद्धा बदलून माझी टाकू, असं ठरलं.

मी एक गोष्ट विसरले. माझी सासू चाळीतच गेली होती, सगळ्यांसमोर. दोन दिवसांत ग्रुपवर एकानं लिहिलं की काकू काय बोलतायत, त्यांच्या सासूला तर माझ्या वडिलांनी खांदा दिलेला. दुसऱ्यानं लिहिलं, म्हातारीच्या बाराव्याचे लाडू मी खाल्लेत. मग चर्चाच सुरू झाली की काकू कुणाला वाचवतायत आणि का. जे विसरले होते त्यांनाही परत आठवलं. एकीनं तर विचारलं की तिला एवढं पाणी लागायचं कशाला, घरात माणसं किती होती. जिथे कुणी जाऊ नये म्हणून तिनं दार ओढून घेतलं होतं, तिथपर्यंत मी लोकांना बोट धरून आणलं.

त्यानंतर शेजारीण आली. सुनेला घेऊन, न कळवता, बाळकुमहून डोंबिवलीला. घरात खेळाच्या खोक्यांच्या थप्प्या लागल्या होत्या, बसायला जागा नव्हती. ती एका खोक्यावर बसली. मला वाटलं व्हिडिओबद्दल थोडं तरी बरं बोलेल. मी तिच्यासाठी खोटं बोलले होते.

“माझा हंडा पण घेतलास?” ती म्हणाली.

मी म्हटलं, मी तुझं नाव पुसायला गेले.

“पुसायला कुणी सांगितलं? हंडा माझ्या सासूचा. तू कोण त्याला तुझ्या सासूचा करणारी? तुझ्या सासूनं आयुष्यात कधी हंडा उचललेला का?”

माझ्या सुनेला हसू आलं. मला आलं नाही.

मग तिनं जे सांगितलं ते मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. म्हातारी गेल्यावर गावाहून येऊन तिनं हंडा रांगेतून काढायचं ठरवलं होतं. तिला भीती वाटत होती. नवऱ्यानं विचारलं, आईचा हंडा कुठे आहे? ती म्हणाली, आता कशाला. तो म्हणाला, ठेव. ती असती तर माझ्यासाठी आणलंच असतं पाणी. त्याला आईला बघायला जाता आलं नव्हतं. आईचं तेवढंच चालू होतं, असं ती म्हणाली. तो रोज विचारायचा, आईचा नंबर कितवा आहे? ही सांगायची, पाचवा, सहावा.

हे सांगताना ती रडली नाही. तिची सून रडली.

मग ती नातीकडे वळली. म्हणाली, “पोरी, आता अर्धं ठेवू नका. अर्ध्यात लोक काहीही घालतात. काय होतं ते लिही. घाणीचं पण लिही. माणूस गेला, आता त्याला लाज नाही. मला जी काय होती ती मी ठरवून सोडली. हिनं सोडवलेली नाही.” हिनं म्हणजे मी.

नातीनं विचारलं, कार्डावर काय करू? तिनं कार्डाचं चित्र हातात घेतलं, लांब धरून बघितलं. हाक तशीच ठेव म्हणाली, ती माझीच आहे. मागच्या बाजूला खरं छापा. नात म्हणाली, मागची बाजू सगळ्या पत्त्यांची सारखी लागते, नाहीतर गड्डीत ओळखू येतं. नियमांचं पुस्तक अजून छापायचं होतं, मग त्यात लिहायचं ठरलं. पुढे तिनं विचारलं की या कार्डानं काय होतं. नातीनं सांगितलं, एक हंडा जास्त मिळतो, पिंप लवकर भरतं, जिंकायला सोपं जातं.

“पिंपात कुठे गेलं ते?” ती म्हणाली. “ते मोरीत गेलं. ते धरायचं नाही.”

नातीला पहिल्यांदा कळलं नाही. मला कळलं. नियम तसा झाला: कार्ड मिळालं की जादा हंडा लावायचा, भरायचा, पण ते पाणी जिंकण्यात मोजायचं नाही, पटाबाहेर ओतायचं. कार्ड हातात असेपर्यंत ते दर डावाला करायचं, चुकवायचं नाही. ज्या कळशीभर पाण्याचं मी मघाशी लिहिलं, तेही मी तेव्हा सगळ्यांसमोर सांगितलं. शेजारीण म्हणाली, “तेवढं हिशेबात नको घालू. चादरी जड असायच्या.” एवढंच एक ती माझ्या बाजूनं बोलली. चहा घेतला नाही. नातीनं खेळाचा एक खोका दिला तो सुनेनं घेतला.

खेळ लोकांना गेले. बऱ्याच जणांनी लिहिलं की छान आहे. काहींनी तक्रार केली की ज्या कार्डासाठी पैसे भरले ते कार्ड काही कामाचं नाही, उलट ज्याला मिळेल त्यालाच हरवतं. नातीनं प्रत्येकाला स्वतः उत्तर दिलं, नियम तसाच आहे आणि तसाच राहील. तिचं आता दुसऱ्या खेळाचं काम चालू आहे. मला त्यात काही विचारत नाही. विचारलं तरी मी सांगणार नाही.

लग्नाला मला बोलावलं होतं. पत्रिका सुनेनं आणून दिली. मी गेले, मागच्या रांगेत बसले. नवरीकडच्या बायका शेजारणीशी नीट वागत होत्या, जरा जास्तच नीट, एक जण सारखी तिला पाणी आणून देत होती. तिला ते आवडत नव्हतं हे मला लांबून दिसत होतं. हेसुद्धा माझ्यामुळेच. ती माझ्याकडे आली, जेवलीस का विचारलं आणि गेली. मी फोन केला तर उचलते. स्वतः करत नाही. मी हे सगळं लिहून नातीकडून तिला वाचून दाखवलं. तिनं एक गोष्ट काढायला लावली, ती मी काढली. बाकी राहू दे म्हणाली.

तिचा नवरा पडल्यानंतर नऊ वर्षं जगला आणि त्याच खोलीत गेला. त्याची आई त्याच्या आधी गेली होती. माझी सासू गेली, माझा नवरा गेला. त्या नळावर हंडे लावणाऱ्या बायकांपैकी आता दोघी उरल्या आहेत, एक बाळकुमला आणि एक मी.